टर्बो गाडीतील ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह : बिघाड कसा ओळखावा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या शिरसाड, मांडवी, चांदीप या परिसरातून रोज ये-जा करणाऱ्या मोटारचालकांना अवजड वाहनांच्या रांगांची सवय झालेली असते. या रांगांतून वाट काढताना ॲक्सिलरेटरवरचा पाय वारंवार उचलावा लागतो आणि पुढचा रस्ता मोकळा दिसताच तो तितक्याच जोराने दाबावा लागतो. टर्बोचार्जर असलेल्या पेट्रोल मोटारीतील एका लहानशा झडपेची खरी कसोटी नेमकी या क्षणी लागते. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह या नावाने ओळखली जाणारी ही झडप मुठीत मावेल एवढी असते. तथापि ती नीट चालेनाशी झाली, की ट्रकला ओलांडून पुढे जाण्याच्या ऐन वेळी गाडीचा पिकअप पडतो, गिअर बदलताना इंजिन अडखळते, तर कधी फाट्यावर वेग कमी करताच ते चक्क बंद पडते.

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. इंजिन थांबले, की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते आणि ब्रेक जड होतो. अनेक गाड्यांचे स्टिअरिंगही जड होते. मागून भरधाव कंटेनर येत असताना अशी वेळ कोणावरही येऊ नये. म्हणूनच या झडपेच्या बिघाडाची लक्षणे आणि ते तपासण्याचा योग्य क्रम प्रत्येक टर्बो गाडीच्या मालकाला ठाऊक असणे आवश्यक आहे. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पिकअप पडला, की सरसकट या झडपेला किंवा थेट टर्बोला दोषी ठरवून महागडे सुटे भाग बदलले जातात आणि पुष्कळदा मूळ दोष एखाद्या चिरलेल्या नळीत किंवा सैल क्लॅम्पमध्ये दडलेला असतो.

झडपेचे काम काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगावर एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, हे टर्बोचार्जरचे तत्त्व आहे. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. प्रवासी मोटारीत ती प्रथम १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कोर्व्हेअर मोन्झा स्पायडर या गाड्यांद्वारे आली. दाबलेल्या हवेत प्राणवायू अधिक असल्याने तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक इंधन जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद मिळते. आजच्या लहान मोटारींतील टर्बोचे चक्र पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेते.

आता चालकाने अचानक पाय उचलला असे समजा. इंजिनाच्या तोंडाशी असलेले थ्रॉटलचे दार क्षणार्धात मिटते. मात्र टर्बोचे चक्र त्याच वेगाने फिरतच असते आणि हवा पुढे ढकलत राहते. टर्बो आणि मिटलेले दार यांच्यामधल्या नळीत कोंडलेल्या या हवेला पुढे जायला वाट नसते. साहजिकच ती उलटी फिरते आणि चक्राच्या पात्यांवर आदळते. या वेळी कबुतराने पंख फडफडवावेत तसा आवाज येतो. या उलट्या धक्क्याने चक्राचा वेग एकदम मंदावतो आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर ताकद यायला वेळ लागतो. जास्त दाबाच्या इंजिनात हे वर्षानुवर्षे घडत राहिले, तर टर्बोच्या दांड्याला आधार देणाऱ्या बेअरिंगची झीज होते.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह या कोंडलेल्या हवेला बाजूची वाट मोकळी करून देतो. त्याच्या आत एक पडदा किंवा दट्ट्या आणि एक स्प्रिंग असते. झडपेच्या वरच्या कप्प्याला एक बारीक नळी जोडलेली असते आणि तिचे दुसरे टोक थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये असते. गाडी जोरात असताना झडपेच्या वर आणि खाली जवळपास सारखाच दाब असतो, त्यामुळे स्प्रिंगच्या जोरावर झडप मिटलेली राहते. पाय उचलताच मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, तो बारीक नळीतून पडद्याला वर ओढतो आणि झडप उघडते. अलीकडच्या अनेक गाड्यांत हेच काम विजेवर चालणारी झडप करते आणि तिला हुकूम देतो इंजिनाचा संगणक.

वेस्टगेट नावाच्या दुसऱ्या झडपेशी हिची गल्लत करू नये. वेस्टगेट धुराच्या बाजूला असते आणि टर्बोने हवेचा दाब किती वाढवावा, यावर मर्यादा घालते. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवेच्या बाजूला असतो आणि पाय उचलल्यानंतरच कामाला लागतो.

बाहेर सोडणारी आणि परत फिरवणारी

या झडपांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार कोंडलेली हवा थेट बाहेर वातावरणात सोडतो. चित्रपटांतून परिचित झालेला तो 'प्श्श' आवाज याच प्रकाराचा. दुसरा प्रकार ती हवा एका नळीने टर्बोच्या आधीच्या मार्गात परत आणून सोडतो. याला बायपास किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणतात. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक पेट्रोल टर्बो गाड्यांत हा दुसराच प्रकार असतो आणि त्याला कारण आहे.

कित्येक गाड्यांत एअर फिल्टरनंतर लगेच हवा मोजणारा एक सेन्सर असतो. किती हवा आत आली, हे तो संगणकाला कळवतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडले जाते. मोजून घेतलेली हवा मध्येच बाहेर सोडून दिली, तर हिशेब चुकतो. हवा गेलेली असते, पण तिच्या वाट्याचे पेट्रोल मात्र इंजिनात पडते. मिश्रण दाट होते, गिअर बदलताना इंजिन मिसिंग मारते, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते, ॲव्हरेज घटते आणि न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो महागडा भाग निकामी होऊ शकतो. ज्या गाड्यांत हवेचे वजन न मोजता मॅनिफोल्डमधील दाब मोजला जातो, त्यांत हा दोष कमी जाणवतो. तेव्हा आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे, हे तपासणीच्या आधीच माहीत करून घ्यावे.

डिझेल गाड्यांबाबत एक खुलासा येथे करायला हवा. आपल्याकडे दीर्घकाळ टर्बो म्हणजे डिझेल असेच समीकरण होते. पण डिझेल इंजिनाची ताकद इंधनाच्या प्रमाणावर नियंत्रित होते. पाय उचलल्यावर हवेची वाट पेट्रोल इंजिनासारखी बंद होत नाही, म्हणून हवा कोंडतही नाही. परिणामी डिझेल गाडीला या झडपेची गरज नसते. तरीही डिझेल गाड्यांसाठी अशा झडपा विकल्या जातात. त्या केवळ आवाज काढण्यासाठी असतात. डिझेल गाडीचा पिकअप पडला असेल, तर ज्याने अशी झडप बसवली असेल, त्याने प्रथम ती काढून पाहावी.

हा प्रश्न आता घरोघरी का?

वीस वर्षांपूर्वी टर्बो पेट्रोल मोटार ही हौशी लोकांची चीज होती. हे चित्र बदलण्यात महाराष्ट्रातील कारखान्यांचा मोठा वाटा आहे. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणारी फियाट लिनिया २०१० साली टी-जेट इंजिनासह बाजारात आली. चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली. टाटा नेक्सॉनने २०१७ साली १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि अनेक कंपन्यांनी लहान डिझेल इंजिने बंद केली. त्यांची जागा मोठ्या प्रमाणात लहान टर्बो पेट्रोल इंजिनांनी घेतली. त्याच वर्षी महिंद्राची थार टर्बो पेट्रोल इंजिनासह आली, तर २०२१ साली चाकणमधून स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन बाहेर पडल्या.

यांपैकी अनेक गाड्या आता वॉरंटीच्या बाहेर आहेत आणि जुन्या बाजारात हात बदलत आहेत. आठ-दहा वर्षांत इंजिनाजवळच्या उष्णतेने रबर कडक होते, प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि स्प्रिंगचा ताण बदलतो. म्हणूनच हा विषय शर्यतीच्या शौकिनांपुरता राहिलेला नाही.

लक्षणे काय सांगतात?

बिघाड शोधताना पहिला प्रश्न 'काय होते' हा नसून 'केव्हा होते' हा आहे. ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, पाय उचलल्यावर की गाडी उभी असताना, या तीन वेळा वेगळ्या केल्या की अर्धे काम होते.

दाबलेला असताना : जोर देताच सूं-सूं असा हवा सुटल्याचा आवाज येतो, ताकद कमी वाटते, चढावर गाडी दमते आणि कधी इंजिनाचा दिवा लागतो. याचा अर्थ दाबलेली हवा कोठेतरी गळते आहे. झडप उघडी अडकली असेल, तिचा पडदा फाटला असेल किंवा स्प्रिंग कमजोर झाली असेल. पण हीच लक्षणे इंटरकूलरची नळी निसटली तरी दिसतात, हे ध्यानात ठेवावे.

पाय उचलल्यावर : पंख फडफडल्यासारखा आवाज येतो आणि पुन्हा जोर देताना गाडी क्षणभर अडखळते. येथे झडप मिटलेलीच अडकली आहे, स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे किंवा निर्वाताची बारीक नळी तुंबली आहे, असे समजावे. अगदी कमी जोरात असताना येणारी हलकी फडफड काही गाड्यांत स्वाभाविक असते. ती नव्याने सुरू झाली असेल किंवा वाढली असेल, तरच चिंता करावी.

गाडी उभी असताना : इंजिनाचे फेरे खाली-वर होतात किंवा वेगातून थांबताना ते बंद पडते. बाहेर हवा सोडणारी झडप मागाहून बसवली असेल, तर पहिला संशय तिच्यावर घ्यावा. अशा झडपेची स्प्रिंग फार मऊ असेल, तर उभ्या गाडीतही निर्वाताने ती अर्धवट उघडी राहते आणि फिल्टरमधून न गेलेली, न मोजलेली हवा धुळीसह आत ओढली जाते. खडी आणि रेती वाहणाऱ्या डंपरच्या मागे रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी हे विशेष घातक आहे. ही धूळ पुढे सिलिंडर आणि पिस्टन रिंगची झीज करते.

बारीक नळीचा दोष सर्वाधिक चकवणारा असतो. ती निसटली किंवा चिरली, तर गाडी जोरात असताना झडपेच्या वरच्या कप्प्याला इंजिनाकडून दाब मिळत नाही. खालची दाबलेली हवा स्प्रिंगला रेटून झडप उघडते आणि ताकद जाते. पाय उचलल्यावर निर्वातही पोहोचत नाही, म्हणून झडप धड उघडत नाही. शिवाय गाडी उभी असताना त्याच चिरेतून बाहेरची हवा मॅनिफोल्डमध्ये शिरते आणि मिश्रण पातळ होते. एका चिरेतून तिन्ही वेळची लक्षणे दिसतात आणि मालकाला वाटते की गाडीत तीन बिघाड आहेत. दुरुस्तीला मात्र काही इंच रबरी नळी पुरते.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू करावी. इंजिन पूर्ण थंड असावे. पेट्रोल टर्बोचा धुराकडचा भाग चालताना कमालीचा तापतो आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ हात भाजू शकतो. महामार्गाच्या कडेला बॉनेट उघडून ही कामे करू नयेत. गाडी घरी किंवा गॅरेजमध्ये, सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करावी.

१) डोळ्यांनी पाहणी : एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची प्रत्येक नळी बोटांनी चाचपावी. क्लॅम्प सैल आहे का, नळी सांध्यातून सरकली आहे का, रबराला वाकवल्यावर भेगा दिसतात का, हे पाहावे. नळीच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूवरून बोट फिरवायला विसरू नये. सांध्यापाशी तेलाचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ ही गळतीची खूण असते. नळीच्या आत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नये, इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी ती वाफ असते. तेल साचून ओघळत असेल, तर मात्र टर्बोच्या सीलची तपासणी करून घ्यावी.

२) बारीक नळी : झडपेवरची निर्वाताची नळी काढून तिच्यात फुंकर मारावी. ती मोकळी असावी, कोठे दबलेली नसावी. नवीन नळी साध्या पाण्याच्या नळीतून कापून घालू नये. निर्वाताने ती आत चपटी होते आणि इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाही.

३) स्कॅनर : इंजिनाचा दिवा लागला असो वा नसो, संगणकातील नोंदी वाचून घ्याव्यात. पी ०२९९ म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी दाब, पी ०२३४ म्हणजे प्रमाणाबाहेर दाब, पी ००३३ म्हणजे टर्बोच्या बायपास झडपेच्या विद्युत मंडलातील दोष, पी ०१७१ म्हणजे पातळ आणि पी ०१७२ म्हणजे दाट मिश्रण. ही नोंद म्हणजे निदान नव्हे, ती केवळ दिशा दाखवते. पी ०२९९ ही नोंद फाटलेल्या पडद्यामुळे येते, तशीच निसटलेल्या नळीमुळे, बिघडलेल्या वेस्टगेटमुळे आणि तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही येते. जास्त दाबाची नोंद असेल, तर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह सोडून वेस्टगेटकडे वळावे.

४) निर्वाताची चाचणी : हातपंप आणि त्यावरील काटा असलेले साधन अनेक गॅरेजमध्ये असते. ते झडपेच्या वरच्या तोटीला जोडून पंधरा इंचांच्या आसपास निर्वात द्यावा. झडप पूर्ण उघडली पाहिजे आणि निर्वात सोडताच टक्कन मिटली पाहिजे. पडद्याची झडप काटा मिनिटभर तरी स्थिर धरते. काटा भराभर खाली आला, तर पडदा फाटला आहे. दट्ट्याच्या झडपेत काटा हळूहळू उतरणे चालते, कारण दट्ट्याभोवती किंचित फट असतेच. याच साधनाने मॅनिफोल्डमधील निर्वातही मोजता येतो. किनारपट्टीवर, निरोगी इंजिन शांत फिरत असताना तो साधारण १८ ते २१ इंच असतो. तो बराच कमी असेल, तर दोष झडपेच्या पलीकडे इंजिनात किंवा मॅनिफोल्डच्या गळतीत आहे.

५) गळतीची चाचणी : ही सर्वांत खात्रीची चाचणी होय. टर्बोच्या हवेच्या तोंडाला घट्ट बूच बसवून त्यातून रेग्युलेटरने नियंत्रित केलेली हवा सोडली जाते. दाब सावकाश वाढवत अर्ध्या बारच्या आसपास ठेवावा. टायर भरण्याची मोकळी नळी थेट लावू नये, त्याने इंजिनाची सीले उचकटतात. ब्रीदरची नळी आधी बंद करून घ्यावी. मग सांध्यांवर आणि झडपेवर साबणाचे पाणी शिंपडावे. बुडबुडे आले तेथे गळती. परत फिरवणाऱ्या झडपेची परतीची नळी काढून तिच्या तोंडाशी बोट धरले, की मिटलेली झडप आतून गळते का, हेही कळते.

६) झडप काढून पाहणी : दट्ट्या बोटाने दाबून सहज सरकतो का, मध्येच अडकतो का, हे पाहावे. काजळ आणि तेल यांचा चिकट थर साचला असेल, तर तो साफ करावा आणि निर्मात्याने सांगितलेले वंगण अगदी पातळ लावावे. पडद्याच्या झडपेत तेल किंवा ग्रीस घालू नये, त्याने रबर फुगते. विजेच्या झडपेला पडदा असेल, तर तो उजेडात धरून तपासावा. फोक्सवॅगन समूहाच्या दोन लिटर टीएफएसआय इंजिनांच्या सुरुवातीच्या झडपांचे पडदे फाटत असत आणि पुढे त्यांची रचना बदलण्यात आली, हे जगभरच्या मेकॅनिकांना परिचित उदाहरण आहे. विजेच्या झडपेच्या गुंडाळीचा रोध मीटरने मोजून त्या गाडीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावा.

७) रस्त्यावरची खात्री : दुरुस्तीनंतर नोंदी पुसून, मोकळ्या रस्त्यावर, शेजारी स्कॅनर घेऊन बसलेला माणूस असताना गाडी चालवावी. संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांत मोठी तफावत नसावी. इंधनातील दीर्घकालीन दुरुस्तीचा आकडा साधारण दहा टक्क्यांच्या आत, अधिक वा उणे, असावा.

येथे एका प्रचलित पद्धतीबद्दल सावध करणे भाग आहे. पुष्कळ ठिकाणी गाडी जागेवर उभी करून रेस दिली जाते आणि झडपेचा आवाज आला नाही, म्हणून ती खराब ठरवली जाते. परंतु भार नसताना इंजिनातून धूर कमी निघतो आणि टर्बो फारसा दाब तयार करीत नाही. सोडून द्यायला हवाच कोंडलेली नसेल, तर आवाज कोठून येणार? शिवाय हवा परत फिरवणारी चांगली झडप जवळपास मुकीच असते.

झडप निर्दोष निघाली तर?

वरील चाचण्यांत झडप उत्तीर्ण झाली, तर तिचा नाद सोडावा. एअर फिल्टर, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरील मळ, स्पार्क प्लगमधील अंतर, वेस्टगेटचा दांडा आणि त्याचा ॲक्च्युएटर, तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शेवटी टर्बोच्या दांड्याची ढिलाई, या क्रमाने पुढे जावे. टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाल्यास गळतीची चाचणी केली का आणि दांड्याची ढिलाई मोजली का, हे दोन प्रश्न जरूर विचारावेत. दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर दुसऱ्या ठिकाणी दाखवून मगच निर्णय घ्यावा.

पाऊस, खारी हवा आणि उंदीर

वसई-विरार पट्ट्यात काही कारणे स्थानिक आहेत. समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेने क्लॅम्पचे स्क्रू गंजतात आणि पकड सैल होते. विजेच्या झडपेच्या जोडणीवर हिरवट थर धरतो. ती काढून, साफ करून पुन्हा घट्ट बसवली, तरी अनेकदा दोष नाहीसा होतो. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी घालणे टर्बो गाडीला दुहेरी धोक्याचे असते. बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर बंपरमागे खाली असतो. त्याची नळी आधीच निसटलेली असेल, तर त्या वाटेने पाणी आत ओढले जाण्याची भीती असते आणि पाणी सिलिंडरमध्ये गेले, तर इंजिनच मोडते. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात क्लॅम्प तपासून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

उंदरांचा उपद्रव हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. पावसात बिळांत पाणी शिरले, की ते इंजिनाच्या उबेला येतात आणि बारीक रबरी नळ्या तसेच वायरी कुरतडतात. आदल्या संध्याकाळपर्यंत सुरळीत चालणारी गाडी सकाळी एकाएकी मंदावली, तर स्कॅनर जोडण्यापूर्वी बॉनेट उघडून कुरतडल्याच्या खुणा शोधाव्यात.

आवाजाची हौस आणि तिची किंमत

झडपेच्या आवाजासाठी कारखान्याची मूळ झडप काढून बाहेर हवा सोडणारी झडप बसवण्याची हौस तरुणांत आहे. तिने ताकद वाढते, हा समज मात्र निराधार आहे. ही झडप ॲक्सिलरेटर सोडल्यावर उघडते आणि त्या क्षणी चालकाला ताकद नकोच असते. मूळ झडप दाब धरून ठेवत असेल, तर नवी झडप त्यात काहीच भर घालू शकत नाही. उलट हवेचा हिशेब बिघडवून ती वर सांगितलेले दोष ओढवून घेते. अशा बदलानंतर इंजिनासंबंधीचा वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील, असे बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीवर भर दिला. आवाज आणि धूर यांच्या मर्यादांचे नियम वेगळे आहेतच. जुनी टर्बो गाडी विकत घेताना बॉनेटखाली चकचकीत रंगीत झडप दिसली, तर मूळ झडप कोठे आहे, असे विक्रेत्याला विचारावे आणि ती परत बसवून मगच गाडी चालवून पाहावी.

गॅरेजमध्ये जाताना

गाडी दाखवायला नेण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. लक्षण नेमके केव्हा दिसते, कोणत्या गिअरमध्ये आणि किती फेऱ्यांवर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, आणि ते सुरू होण्याआधी गाडीत कोणते काम झाले होते. या चौथ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा सर्वाधिक उपयोगी ठरते. एअर फिल्टर बदलताना निघालेली नळी परत नीट न बसणे, हे पिकअप पडण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे.

फाटलेला पडदा किंवा मोडलेली स्प्रिंग यांवर डकवाडकवी करू नये. अशी झडप मूळ क्रमांक पाहून बदलावी. चिकटलेला दट्ट्या साफ करून चालतो. नळी आणि क्लॅम्प मात्र संशय येताच बदलावेत, कारण त्यांची किंमत किरकोळ असते. गाडी वेगातून थांबताना बंद पडत असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ती महामार्गावर नेऊ नये. ताकद थोडी कमी असलेल्या गाडीने उशिरा का होईना, घर गाठता येते. पण ट्रकच्या बाजूला असताना दगा देणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवणे कोणालाही परवडणारे नाही.